एका पासवर्डसाठी सत्तेचाळीस माणसं

"दहा मिनिटं!" मी नजाह आत्याला छातीठोकपणे सांगितलं. "एका कॉम्प्युटरला दहा मिनिटं. आठांना ऐंशी. मध्ये एक चहा धर. नव्वदाव्या मिनिटाला मी जेवायला घरी!"

मी पदार्थविज्ञानाचा पदवीधर आहे. कुठलाही आकडा तोंडातून काढण्याआधी मी तो दोनदा तपासतो. हाही तपासला होता. त्यात फक्त सत्तेचाळीस माणसं, अकरा गाड्या आणि चार पराती कुनाफा मिठाई धरायची राहून गेली.

नजाह आत्या म्हणजे जॉर्डनमधल्या आमच्या तफीला गावातल्या महिला संस्थेची अध्यक्ष. संस्थेच्या दोन खोल्या आहेत, बेकरीच्या वर. एका खोलीत प्लास्टिकच्या साठ खुर्च्या. त्या गावात लग्नाला आणि दुखवट्याला भाड्यानं जातात. दुसऱ्या खोलीत मुलांच्या शाळेनं काढून टाकलेले आठ कॉम्प्युटर. रविवारी सकाळी दहा वाजता अम्मानहून तपासनीस बाई येणार होत्या. आठही कॉम्प्युटर चालू दिसले, तर बायकांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग मंजूर. वर्ग मंजूर, तर शिक्षकाची जागा मंजूर. आणि शिक्षक कोण? मी!

पदवी घेऊन मला दोन वर्षं झाली होती. बाबा माझी ओळख करून देताना म्हणायचे, "हा सुहैब. सध्या घरी असतो." हे 'सध्या' दोन वर्षं चाललं होतं. ते संपवायची संधी त्या आठ खोक्यांत होती.

खोकी म्हातारी होती. त्यांतली जुनी प्रणाली सुरू व्हायला चौदा मिनिटं अठ्ठावीस सेकंद घ्यायची. (मी तीनदा मोजलं, ही सरासरी.) आणि एवढं करून पडद्यावर एक चौकोन यायचा, त्यावर 'ठीक आहे' लिहिलेलं असायचं, आणि त्यानंतर काहीही ठीक नसायचं.

यावर माझ्याकडे रामबाण औषध होतं. असफूर! असफूर म्हणजे चिमणी. ही एवढीशी मोफत प्रणाली, पेनड्राइव्हवर मावते, चिमणीएवढी खाते, आणि मरायला टेकलेल्या कॉम्प्युटरलाही दीड मिनिटात उठवून बसवते. करायचं एकच. कॉम्प्युटरला सांगायचं, "बाबा रे, उठल्यावर आधी पेनड्राइव्हमध्ये बघ, मग स्वतःच्या पोटात बघ." बस!

कॉम्प्युटर चालू केला की पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात दोन सेकंद एक बारीक ओळ दिसायची: सेटिंगसाठी एफ-टू दाबा. त्याखाली लगेच आत्यानं चिकटवलेला निळा डोळा. दृष्ट लागू नये म्हणून आठही पडद्यांच्या त्याच कोपऱ्यात तिनं तसाच एकेक डोळा चिकटवला होता, नाण्याएवढ्या आकाराचा, काढू म्हटलं तरी निघू नये असा.

मी एफ-टू दाबलं. निळा पडदा आला. मी आत्याकडे बघून हसलो. पडद्यानं विचारलं: पासवर्ड?

मी हसायचा थांबलो.

शाळेचं नाव टाकलं. नाही. शाळेची स्थापना टाकली. नाही. एक दोन तीन चार. नाही! तीन चुकले की ते खोकं असं केकाटायचं, की खालचा बेकरीवाला पाव जळला समजून भट्टीकडे धावायचा. जेवायच्या वेळेपर्यंत तो नऊ वेळा धावला आणि दहाव्यांदा वर आला.

तुम्ही म्हणाल, झाकण उघडून आतली बटणाएवढी बॅटरी काढायची की पासवर्ड जातो. मला माहीत नाही होय! पण प्रत्येक खोक्याच्या मागे शाळेनं छोटं कुलूप घातलं होतं आणि किल्ल्या शाळेच्या कुठल्याशा मुख्याध्यापकाबरोबर निवृत्त झाल्या होत्या. कुलूप तोडायचं तर लेखी परवानगी, आणि ती यायला दोन महिने.

"पासवर्ड कुणी घातला असेल?" मी विचारलं.

आत्यानं कपाळाला हात लावला. "उस्ताद अबू शाहिर. दुसरं कोण! पोरं वर्गात खेळ लावायची म्हणून त्यानं सगळ्यांना टाळं ठोकलं होतं."

"मग फोन करू या."

"तुझ्या अंगात हिंमत असेल तर कर."

उस्ताद अबू शाहिर हे शाळेतले निवृत्त कॉम्प्युटर शिक्षक. तीन वर्षांपूर्वी आत्याच्या मुलाच्या लग्नात ते जेवायला बसले, तेव्हा मन्साफची परात अशी ठेवली गेली की मटण समोरच्या बाजूला आणि उस्तादांपुढे नुसता भात. तेव्हापासून आमच्या घराण्याशी त्यांचं बोलणं बंद.

मी फोन केला.

"कुणाचा मुलगा?"

"अबू सुहैबचा, उस्ताद. म्हणजे मीच सुहैब. त्या शाळेच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड..."

"तुमच्या घरच्यांशी मी हवामानावरसुद्धा बोलत नाही!" फोन बंद.

बाबांनी हे ऐकलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "हे फोनवर सुटणारं काम नाही. जाहा न्यावा लागेल."

जाहा म्हणजे काय ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मोठं मागणं असलं, मुलीला मागणी घालायची असो की भांडण मिटवायचं असो, की गावातली वजनदार माणसं झगे घालून समोरच्याच्या घरी जातात. यजमान कॉफी देतो. प्रमुख पाहुणा पेला हातात घेतो आणि न पिता खाली ठेवतो. मागणं मान्य झालं तरच कॉफी प्यायची. नाहीतर कॉफी थंड, पाहुणे परत, आणि दोन्ही घरांची अब्रू चव्हाट्यावर!

"पासवर्डसाठी जाहा?" मी म्हणालो.

"मग काय नोटीस पाठवू?" बाबा म्हणाले.

आम्ही हाजी अबू झैदानकडे गेलो. वय पंच्याहत्तर, मिशा पांढऱ्या, आवाज असा की घरात बोलले तर अंगणातल्या कोंबड्या गप्प होतात. त्यांनी आजवर एकशे बारा जाहे नेले होते आणि एकदाही त्यांची कॉफी थंड झाली नव्हती.

मी त्यांना सगळं नीट समजावलं. चिमणी, पेनड्राइव्ह, सुरू व्हायचा क्रम. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"म्हणजे उस्तादाकडे एक वस्तू आहे आणि ती तुला हवी."

"वस्तू नाही काका, एक शब्द."

"शब्द तर वस्तूहून मोठा! किती माणसं न्यायची म्हणतोस?"

"बाबा, मी आणि तुम्ही. तिघं."

"तिघं?" हाजींनी डोळे उघडले. "तिघं जण विजेचं मीटर वाचायला जातात! तू काय उस्तादाचा अपमान करायला निघालास?"

त्यांनी तिथल्या तिथे फोन उचलला. "उस्ताद? अबू झैदान बोलतो. शुक्रवारी दुपारी अस्रच्या नमाजानंतर चार माणसं घेऊन तुमच्या दारी यायचं म्हणतो."

पलीकडून उस्तादांचा आवाज मला खोलीभर ऐकू आला. "यावं, हाजी! घर तुमचंच आहे!"

फोन ठेवला.

"काका, कशासाठी येतोय ते सांगितलं नाहीत."

"मागणं कधी फोनवर सांगतात होय रे? तुला विद्यापीठात शिकवलं तरी काय?"

शुक्रवारी सकाळी आत्याचा फोन आला. "खुर्च्या पोहोचवायला माणूस नाही. जरा जाशील? साठही लागणार आहेत. उस्ताद अबू शाहिरकडे."

"आपल्याशी बोलत नाहीत आणि खुर्च्या आपल्याच हव्यात?"

"त्याच्या बायकोनं मागवल्यात. खुर्च्यांशी त्यांचं भांडण नाही."

मी टेम्पोतून खुर्च्या घेऊन गेलो. दारातच एक मुलगी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसली होती. त्यावर मिक्सर उघडून ठेवलेला, आणि तिच्या दातांत स्क्रू-ड्रायव्हर.

"खुर्च्यावाले का?" तिनं स्क्रू-ड्रायव्हर न काढताच विचारलं.

"खुर्च्यावाला नाही. पदार्थविज्ञान."

"बरं, पदार्थविज्ञान, खुर्च्या अंगणातून आत न्या. आणि पाय आपटू नका, माझे स्क्रू उडतात."

"आज काही कार्यक्रम आहे का?"

"मला काय विचारता! आईनं पहाटेपासून घर डोक्यावर घेतलंय. चार पराती कुनाफा झालाय. मला नवा झगा काढून ठेवलाय. आणि कारण विचारलं की दोघंही गालात हसतात. पाहुणे येणार म्हणे."

"आमच्याकडेही आज गडबडच आहे. आम्हालाही एका ठिकाणी जायचंय."

"कुठे?"

"असंच," मी म्हणालो. पासवर्ड मागायला सगळं गाव घेऊन निघालोय, हे एका अनोळखी मुलीला कुठे सांगायचं!

आता बघा. दोन माणसं, दोघंही विज्ञान शिकलेली. (ती वीज अभियंता होती, हे मला नंतर कळलं.) मध्ये अंतर दोन फूट. सगळा पुरावा समोर मांडलेला. आणि दोघांनाही शून्य निष्कर्ष काढता आला! माझ्या प्राध्यापकांनी हे पाहिलं असतं तर दोघांच्याही पदव्या परत घेतल्या असत्या.

दुपारी आम्ही निघालो. हाजींची 'चार माणसं' मी मोजली. सत्तेचाळीस! अकरा गाड्या, भर उन्हात दिवे लावून, भोंगे वाजवत. पहिल्या गाडीत हाजी, उंटाच्या लोकरीच्या झग्यात. मधल्या गाडीत मी, चुलतभावाच्या कोटात. रस्त्यावरची माणसं हात हलवून अभिनंदन करत होती. मीही हात हलवत होतो. वाटलं, कॉम्प्युटर शिक्षणाबद्दल गावात केवढी ही आस्था!

उस्तादांच्या दिवाणखान्यात आमच्याच साठ खुर्च्या. तिकडूनही पंधरा-वीस माणसं जमलेली. उस्ताद नव्या कोटात, दाढी कोरलेली. माझ्या बाबांना त्यांनी मिठी मारली! तीन वर्षांत पहिल्यांदा. बाबा गोंधळले, पण मिठी चांगली घट्ट होती, म्हणून त्यांनीही मारली.

कॉफी आली. वेलदोड्याचा वास सुटला. हाजींनी पेला घेतला आणि न पिता समोर ठेवला.

हाजी उभे राहिले. ईश्वराची स्तुती झाली. उस्तादांच्या पणजोबांची झाली. यंदाच्या ऑलिव्हच्या पिकाची झाली. "आणि आज आम्ही या थोर घराच्या दारी..."

"बस्स, हाजी!" उस्ताद उठले. त्यांचे डोळे भरून आले होते. "तुमच्यासारख्या माणसाला माझ्या घरात मागणं तोंडानं मागावं लागलं, तर माझ्या घराला घर कोण म्हणेल? जे मागायला आलात ते तुम्हाला मिळालं! एक अक्षर बोलू नका. कॉफी घ्या!"

"उस्तादाचं घर भरलेलं राहो!" हाजींनी कॉफी एका घोटात संपवली. सत्तेचाळीस पेले एकदम वर गेले. आतून बायकांनी असा आनंदाचा कल्ला केला की झुंबर किणकिणलं.

मी बाबांच्या कानात म्हणालो, "एवढे खूश?"

"उदार मनाचा माणूस आहे," बाबा कुनाफा तोंडात टाकत म्हणाले. "आपणच उगीच तीन वर्षं दूर राहिलो."

"आमचा मुलगा कुठाय?" उस्तादांनी विचारलं. हाजींनी मला खांद्याला धरून त्यांच्यापुढे ढकललं.

"शिक्षण?"

"पदार्थविज्ञान. वर्गात तिसरा."

"छान! नोकरी?"

"तुम्ही आज हो म्हणालात ना, आता रविवारपासून लागेल."

उस्ताद शेजारच्याकडे वळून म्हणाले, "नम्र आहे हो पोरगा. जागेचं काय?"

"एक खोली आहे. बेकरीच्या वर. उबदार असते."

"एकच खोली?"

"पुरते. आठ जण आरामात मावतात."

उस्तादांचा हात कुनाफ्याच्या ताटलीत थांबला. "आठ? आत्तापासून आठ ठरवलेत?"

"ठरवले काय, आलेतसुद्धा! ओळीनं बसवलेत. आत्यानं दृष्टही काढली. फक्त एकही उठत नाहीये."

"कोण उठत नाहीये?"

"कॉम्प्युटर. ज्यांचा पासवर्ड मागायला आम्ही आलोय ते."

उस्तादांनी ताटली खाली ठेवली.

"पासवर्ड," उस्ताद म्हणाले.

"पासवर्ड," मी म्हणालो.

"सत्तेचाळीस माणसं. अकरा गाड्या. अबू झैदान स्वतः. आणि तुम्ही... पासवर्डसाठी आलात?" त्यांचा आवाज चढत गेला. "माझ्या घरात लग्नाची मुलगी आहे! शिकलेली, गुणी! आणि अख्खं गाव तिच्या समोरून चालत माझ्या दारी येतं, ते आठ भंगार खोक्यांसाठी? माझ्या लुबानात काय कमी आहे?"

खरं सांगतो, हा बिंदू माझ्या हिशेबात कुठेच नव्हता. मुलगी मागितली म्हणून रागावणारे बाप मी ऐकले होते. मागितली नाही म्हणून रागावलेला हा पहिलाच!

आणि मग हाजी अबू झैदान बोलले. एकशे बारा जाहे, एकदाही थंड कॉफी नाही! तो विक्रम एकशे तेराव्याला मोडणार होता.

"कोण म्हणतं नुसत्या पासवर्डसाठी आलो?" हाजी गरजले. "दोन्हींसाठी आलोय! पोरगं लाजतंय, म्हणून खोक्यांचं बोलतंय!"

"काका!"

"गप्प बस," हाजी मिशीतून म्हणाले. "वाईट दिसेल."

उस्तादांचा चेहरा पुन्हा उजळला. आत पुन्हा कल्ला झाला. बाबा मला मिठी मारून रडायला लागले. मी म्हणालो, "बाबा, अहो, हे खरं नाही." ते म्हणाले, "मलाही खरं वाटत नाहीये, बाळा!"

तेवढ्यात आतल्या दारातून आवाज आला. "बाबा, एक मिनिट."

सगळे वळले. दारात ती सकाळची मुलगी! नव्या झग्यात. हातात अजून स्क्रू-ड्रायव्हर.

"मला कुणी विचारलं का?"

"लुबाना, बेटा," उस्ताद कुजबुजले, "शब्द दिलाय. कॉफी पिऊन झालीय."

"मी नाही प्यायले." तिनं सत्तेचाळीस माणसांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. "अरे! पदार्थविज्ञान! तुम्ही?"

"मला खरंच माहीत नव्हतं," मी म्हणालो.

"ते दिसतंच आहे. एक कॉम्प्युटर सुरू करायला ज्याला सत्तेचाळीस माणसं लागतात, त्याला गॅस पेटवायला किती लागतील?" मागच्या रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं. "आधी मी ते आठ कॉम्प्युटर बघणार. रविवारी सकाळी. पुढचं पुढे."

पाहुणे उठले तेव्हा उस्तादांनी मला हाताला धरून अंगणात डाळिंबाच्या झाडाखाली नेलं. इकडेतिकडे पाहिलं.

"पासवर्डचं म्हणत होतास ना?"

"हो, उस्ताद."

"विसरलो."

"काय?"

"घातला त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात विसरलो. शाळेत कुणी विचारलं की मी रुसायचो. रुसलेल्या माणसाला कुणी पुन्हा विचारत नाही." त्यांनी एक डाळिंब चाचपून पाहिलं. "पण त्या लग्नातल्या भाताचं मात्र खरं आहे. नुसता भात होता."

रविवारी साडेआठला आम्ही बेकरीच्या वर जमलो. मी, आत्या, उस्ताद आणि लुबाना. शिवाय हाजी, आणि जाह्यातली नऊ माणसं. ती का आली होती, असं विचारायची सोय नव्हती. गावाच्या अब्रूचा प्रश्न होता.

तपासनीस बाई यायला नव्वद मिनिटं. माझा तोच आकडा!

लुबानानं पहिला कॉम्प्युटर चालू केला. पडदा उजळला. ती वाकून कोपऱ्यात बघू लागली.

"हा डोळा कशाला?"

"अगं, दृष्टीसाठी," आत्या म्हणाली. "आठ कॉम्प्युटर एका जागी. लोकांची नजर काय सांगावी!"

"काढू?"

"काढ, पण फाडू नकोस. आणि काम झालं की परत लाव."

लुबानानं नखानं कड उचलली. डोळा चर्र करत निघाला. तिनं कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. वरच्या कोपऱ्यात ओळ आली: सेटिंगसाठी एफ-टू दाबा. आणि तिच्या बरोब्बर खाली, जिथे तीन दिवस निळा डोळा माझ्याकडे टक लावून बघत होता तिथे, दुसरी ओळ: कुठून सुरू करायचं ते निवडण्यासाठी एफ-ट्वेल्व्ह दाबा.

तिनं दाबलं. पासवर्ड कुणी विचारला नाही. यादी आली. यादीत पेनड्राइव्ह. तिनं तो निवडला. पडद्यावर चिमणीनं पंख फडफडवले.

"माशाल्ला," मागून नऊ माणसं म्हणाली.

हाजींनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे... बटण होतं?"

"हो, काका."

"एकच?"

"एकच."

हाजी खुर्ची ओढून खाली बसले.

माझी अगदीच लाज जाऊ नये, एवढी दया त्या खोक्यांनी दाखवली. पाचवा आणि आठवा कॉम्प्युटर सुरू होऊन काळेठिक्कर पडले. इथे मला माहीत होतं! चिमणी उडायच्या आधी हुकमाची एक ओळ लिहायला मिळते. तिच्या शेवटी साध्या चित्रांवर भागवायला सांगणारा शब्द जोडला आणि दोन्ही पडदे उजळले.

"हं," लुबाना म्हणाली. "हे बरं जमलं. आणि हा पर्याय कसला लावताय?"

"बंद केला की सगळं विसरायचं. दिवसभर कुणी काहीही दाबो, सकाळी पुन्हा कोरा करकरीत."

तिनं मागे ओळीनं बसलेल्या जाह्याकडे पाहिलं. "यांना लावता येईल?"

"नाही. यांची मेमरी फार आहे."

ती हसली. मी ती वेळ नोंदवून ठेवली आहे: नऊ वाजून बारा मिनिटं.

तपासनीस बाई दहाला आल्या. आठही पडद्यांवर चिमण्या. बाईंनी एकेक पाहिला, कागदावर सह्या केल्या आणि विचारलं, "उत्तम! शिक्षक कोण?"

मी अर्धं पाऊल पुढे टाकलं. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मग लुबानाच्या बोटाला चिकटलेल्या निळ्या डोळ्याकडे पाहिलं.

"ही," आत्या म्हणाली.

मी ते अर्धं पाऊल मागे घेतलं. बाईंना वाटलं असेल मी पायाचा व्यायाम करतोय.

"रागावू नकोस रे," आत्या नंतर म्हणाली. "पण मला बटण सापडणारं माणूस हवं."

राहता राहिली सोयरीक. लुबाना स्पष्टच म्हणाली, "मी नोकरीला लागलेय. मला वेळ हवा. शब्द परत घ्या." पण जाह्यानं घेतलेला शब्द फोनवर परत करता येत नाही. त्यासाठी दुसरा जाहा न्यावा लागतो! तिनं हाजींसाठी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: आधी कारण सांगायचं, मग कॉफी.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा अकरा गाड्या. पुन्हा वेलदोडा. हाजींनी पेला ठेवला, ईश्वराची स्तुती केली, पणजोबांची केली, आणि ऑलिव्हपर्यंत पोहोचले तोच उस्ताद गहिवरून उठले. "बस्स, हाजी! जे मागायला आलात ते मिळालं! कॉफी घ्या!"

आणि हाजींनी घेतली. एकशे चौदा!

"मग ठरलं," उस्ताद डोळे पुसत म्हणाले. "ऑलिव्ह उतरवून झाले की पहिल्या गुरुवारी लग्न!"

संध्याकाळी लुबानाचा फोन आला. "कागद दिला होता ना?"

"झग्याच्या खिशात राहिला म्हणतात."

"पुढच्या शुक्रवारी तिसरा न्या. आणि खुर्च्या वेळेवर आणा, या वेळी आई उन्हात उभी होती."

खुर्च्या मीच आणणार होतो. ते सांगायचं राहिलंच. दोन आठवड्यांत दोन जाहे झाले आणि तिसरा ठरला, तेव्हा आत्याच्या लक्षात आलं की संस्थेच्या खुर्च्यांना आता कायमचा माणूस लागणार. तशी जागा तिनं काढली आणि ती मला मिळाली. बाबा आता ओळख करून देताना म्हणतात, "हा सुहैब. खुर्च्यांचा प्रमुख." 'सध्या' संपलं!

काम नेमकेपणाचं आहे. मी एक वही ठेवली आहे. तारीख, खुर्च्या, कुणाकडे न्यायच्या, कुणी मागवल्या, कारण. काल मी येत्या शुक्रवारची नोंद केली. खुर्च्या साठ. उस्ताद अबू शाहिर यांच्या घरी. मागवणारा: सुहैब.

कारणाचा रकाना मी अजून भरलेला नाही. लुबाना वर्ग सुटल्यावर रोज खुर्च्यांच्या खोलीत येते, वही उघडून तो रकाना बघते, आणि मिटून ठेवते. तीही भरत नाही.